नाताळच्या सहा बाटल्या आणि वर्षाची कॅसेट

तारीख २६ डिसेंबर २००३, शुक्रवार. वर्गणी प्रत्येकी दीड हजार, एकूण साडेचार हजार रुपये. हजर तिघे: रंगराव, दिनकर आणि मी. सकाळी सव्वासहाला रंकाळ्याच्या कोपऱ्यावरून रंगरावच्या मारुती व्हॅननं निघालो. धुकं इतकं होतं की तळं दिसत नव्हतं.

आमची ही तेरावी खेप. १९९१ पासून दर नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गोव्याला जातो, दोन रात्री राहतो आणि परत येतो. समुद्र बघत नाही. नदीकाठच्या एका खेड्यात कायतान नावाच्या गृहस्थाची छोटी खानावळ आहे, तिच्या पडवीत बसतो, बिअर पितो आणि वर्षभरातली गाणी ऐकतो. घरी हे सगळ्यांना माहीत आहे. माझी बायको दरवेळी शेंगदाण्याची चटणी, दहा भाकरी आणि एकच वाक्य बांधून देते: "प्यायल्यावर गाडीला हात लावायचा न्हाय." तेरा वर्षांत लावलेला नाही.

रिवाज असा आहे. ज्यानं त्यानं सरत्या वर्षात पहिल्यांदा ऐकलेली चार गाणी निवडायची. तिघांची बारा गाणी दिनकर एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरतो, सहा या बाजूला, सहा त्या बाजूला. कोणतं गाणं किती मिनिटांचं ते आतल्या कार्डावर बारीक अक्षरात लिहितो. गाणं वाजलं की बाकीच्या दोघांनी दहापैकी गुण चिठ्ठीवर लिहून घडी घालून द्यायचे. स्वतःच्या गाण्याला गुण द्यायचे नाहीत. बिअरलाही तसेच गुण. वही माझ्याकडे असते. मी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर नोकरीला आहे. रोज सकाळी शे-दीडशे कॅनची झाकणं उघडून वास घ्यायचा, नमुना काढायचा, फॅट लिहायची, हे माझं काम. त्यामुळे वही माझ्याकडे येणं साहजिकच होतं.

दिनकरचं गंगावेशीत कॅसेटचं दुकान होतं. आपण गाण्यांची यादी द्यायची आणि तो कोरी कॅसेट भरून द्यायचा. प्रत्येक गाण्याला ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक सूर किती, आणि बास, म्हणजे खालचा घुमणारा ठोका किती, हे तो वेगळं लावायचा. एप्रिलात जयंतीच्या गाण्यांसाठी त्याच्या दुकानापुढे रस्त्यापर्यंत रांग लागायची, आणि त्या गाण्यांच्या निम्म्या गायकांना तो नुसत्या नावानं हाक मारायचा. मग तीस रुपयांत दीडशे गाण्यांच्या सीड्या आल्या. २००१ च्या दिवाळीनंतर त्यानं दुकान बंद केलं. आता तो एका डॉल्बीवर मिक्सर चालवतो. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत उभी करतात आणि वरातीला, गणपतीला ती रस्त्यानं फिरवतात. तिला डॉल्बी म्हणतात. भिंतीच्या मागं चार हातांवर जो माणूस उभा असतो तो आमचा दिनकर.

रंगराव शिरोलीला लेथ चालवतो. तो मोठ्यानं बोलतो, मोठ्यानं हसतो आणि गाडी हळू चालवतो.

आंबोलीपर्यंत

निपाणी सोडल्यावर रंगरावनं कॅसेट मागितली. ती खरं तर खानावळीत पोचल्याशिवाय लावायची नाही, पण पहिलं अर्धं मिनिट ऐकून बघायची सूट त्यानं स्वतःच स्वतःला दिलेली आहे. कॅसेट लागली आणि आम्ही दोघांनी एकदमच खांदे आक्रसले. आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा होता. बाई गात होती, पण तिच्या प्रत्येक 'स' ला शिट्टी फुटत होती.

"आरं, ही बाई गातीया का कुणी तिच्या पायावर पाय दिलाय?" रंगराव म्हणाला. "दिन्या, ट्रेबल किती लावलंयस लेका?"

दिनकर मागच्या सीटवर पिशवीला टेकून बाहेर ऊस बघत होता.

"दिन्या!"

"काय?"

"ट्रेबल!"

"तुझा स्पीकर फाटलाय," दिनकर म्हणाला. "गेल्या साली बी फाटलावता."

रंगरावनं मला डोळा मारला आणि कॅसेट काढली. स्पीकर त्यानं गणपतीतच नवे घातले होते, पावती मी पाहिली होती. पण मित्राच्या कामातला दोष रस्त्यात काढू नये, म्हणून गप्प बसलो.

आजऱ्याला मिसळ खाल्ली. आंबोलीच्या अलीकडे गाडी तापली. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलो. जंगल ओलं होतं, वारा नव्हता, कुठंतरी एक पाखरू सारखं तीन सुरांची शीळ घालत होतं. दरवर्षी असं काही ऐकलं की दिनकर बोट वर करून आम्हाला गप्प करतो आणि शीळ कुठल्या पट्टीत आहे ते सांगतो. यंदा तो रेडिएटरमध्ये पाणी ओतत राहिला.

नदीकाठी, पहिली दुपार

दोन वाजता पोचलो. पडवीला कागदाची मोठी चांदणी टांगलेली होती, कोपऱ्यात गवत पसरून गोठ्याचा देखावा मांडला होता. कायतानची आई, वय ऐंशीच्या पुढं, दाराशी खुर्ची टाकून लसूण सोलत होती. ती आम्हाला दरवर्षी एकच प्रश्न विचारते, "पाऊस बरो पडलो मरे?" यंदा आमच्याकडे पाऊस कमी झाला, ते सांगितलं. तिनं मान हलवली आणि लसूण पुढं चालू.

मला इथली हीच गोष्ट आवडते. कोल्हापुरात बिअर प्यायची तर परमिट रूमला जायचं, जाड पडदा बाजूला करायचा, तांबड्या दिव्याखाली भिंतीकडं तोंड करून बसायचं, आणि कोण ओळखीचं दिसलं की दोघांनीही न दिसल्यासारखं करायचं. इथं म्हातारी लसूण सोलते, शेजारीण वाटीभर साखर मागायला येते, पाववाला सायकलचा भोंगा वाजवत येतो, आणि त्याच टेबलावर आपली बाटली असते. लपवायचं काही नसलं की माणूस कमी पितो. माझ्या वहीत तेरा वर्षांचे आकडे आहेत. इथं आम्ही कधीही दिवसाला माणशी दोन बाटल्यांपुढं गेलेलो नाही.

यंदा कायताननं वेगळंच काही ठेवलं होतं. त्याचा मुलगा मालवाहू बोटीवर आहे. तो या नाताळला रजेवर आला, ते युरोपातल्या बंदरांतून सहा बाटल्या घेऊन. तिकडं म्हणे काही बिअर फक्त नाताळपुरत्याच काढतात, जानेवारीत त्या मिळत नाहीत. आपल्याकडे दिवाळीपुरतं उटणं निघतं तसं.

"ह्यो इकपाच्यो न्हय," कायताननं आधीच बजावलं. म्हणजे या विकायच्या नाहीत. "परबेच्यो. तुमी आनी हांव."

परब म्हणजे सण, हांव म्हणजे मी. सहा बाटल्या, चार पेले. आज तीन, उद्या तीन असं ठरलं. सोबत पानात केलेली मासळी आणि नाताळच्या नेवऱ्या. नेवरी म्हणजे आपली करंजीच, फक्त आमच्याकडे ती दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी उरते आणि इथं आता ताजी होती.

वहीतले उतारे असे:

पहिली बाटली. रंग काकवीचा. वास लवंग आणि दालचिनीचा. आधी गोड, मग कडू. माझे सात, रंगरावचे चार. त्याचं म्हणणं, "ही बिअर न्हाय, काढा हाय. घसा बसल्यावर द्या."

दुसरी. रंग तांबूस, वासात संत्र्याची साल. फेस दोन बोटं, बराच वेळ टिकला. माझे सहा.

तिसरी. काळी. गुऱ्हाळात कढई उतरवायला उशीर झाला की गूळ करपतो, तोच वास. गुऱ्हाळवाल्याचं नुकसान होतं तेव्हा येणारा वास तिकडं मुद्दाम आणतात, याचं नवल वाटलं. मला आवडली. आठ दिले. दिनकरनंही आठ दिले आणि म्हणाला, "ही चालंल. हिला काय तरी सांगायचं हाय." तेरा वर्षांत तो गाण्याबद्दल असं बोलायचा, बिअरबद्दल पहिल्यांदाच बोलला.

मग कॅसेटची पहिली बाजू. कायतानच्या टेपवरही तीच शिट्टी होती. मी टेपचं ट्रेबल पार खाली आणलं तेव्हा कुठं ऐकण्यासारखं झालं. दिनकर समोरच होता. त्यानं माझं बोट बटणावर पाहिलं आणि नजर फिरवली.

यंदाच्या गाण्यांबद्दल स्पष्ट लिहितो. वर्ष वाईट गेलं. जुनी गाणी काढायची, त्यांच्यात ढोल आणि इलेक्ट्रिक ठोका घालायचा, मध्येच कुणीतरी इंग्रजीत चार शब्द ओरडायचे, आणि नवं म्हणून विकायचं, हा धंदा आधीपासून होता, पण यंदा दुसरं काही उरलंच नाही. बारापैकी सात गाणी अशी होती. रंगरावची चारही तसलीच. त्याला कारखान्यात लेथच्या आवाजावर मात करील असंच गाणं लागतं, हे मी समजू शकतो. माझ्या चारांत एक नृसिंहवाडीला पालखीच्या वेळी ऐकलेलं पद होतं, मीच छोट्या टेपवर धरून आणलेलं. धक्का मला दिनकरच्या यादीचा बसला. हा माणूस दरवर्षी कुठून कुठून गाणी आणायचा. एकदा गडहिंग्लजच्या बाजारात कानडीत गाणाऱ्या आंधळ्या जोडप्याला त्यानं दुकानात आणून चहा पाजून गायला लावलं होतं. यंदा त्याची चारही गाणी वरातीत मागणी असलेली. स्पीकरच्या भिंतीवर वाजणारी.

"ही तू निवडलीस?" मी विचारलं.

"लोकांनी निवडली," तो म्हणाला.

चिठ्ठ्या उघडल्या. पहिल्या बाजूला आम्हा दोघांची मिळून चार गाणी होती. दिनकरनं चारही गाण्यांना सात दिले होते.

संध्याकाळी ते दोघे नदीवर गेल्यावर मी वही मागं चाळली. बारा वर्षांत दिनकरनं दिलेल्या चिठ्ठ्या शहाण्णव. त्यांत सात फक्त नऊ वेळा. बाकी बहुतेक तीन, चार, पाच. माझ्या पसंतीच्या एका गाण्याला त्यानं १९९६ साली शून्य दिला होता आणि वर दोन दिवस वाद घातला होता. दुधात असं झालं, की एका गवळ्याच्या प्रत्येक कॅनची फॅट सारखीच लागली, तर मी नमुना पुन्हा काढतो. कारण दूध सारखं नसतं, सारखं काही असेल तर ते मापात असतं.

२७ डिसेंबर, शनिवार

सकाळी पाववाला आला. दिनकर पायरीवर पाठ करून दाढी करत होता. भोंगा त्याच्या मागं दोन हातांवर वाजला, सायकल त्याच्या टॉवेलला घासून गेली, तेव्हा तो दचकला आणि हनुवटी कापली. म्हातारीनं आतून तुरटी आणून दिली.

दुपारी दुसरी बाजू लावायला बसलो. चौथी बाटली फिकट होती, वासात पिकलेल्या केळ्याची छटा, माझे पाच. तोंडी लावायला मी एक मिरची उचलली ती व्हिनेगरमध्ये वर्षभर मुरलेली निघाली आणि माझे डोळे पाच मिनिटं वाहत राहिले. रंगराव हसून हसून खुर्चीवरून घसरला. आज सगळं बरं चाललं होतं.

नववं गाणं रंगरावचं. माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं एक गाणं, त्यावर नवा ठोका चढवलेला. कार्डावर दिनकरच्या अक्षरात चार मिनिटं दहा सेकंद. दिनकरनं नेहमीसारखे डोळे मिटले. गाणं तो कायम डोळे मिटून ऐकतो आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी मांडीवर ठेका धरतो.

रंगराव टेपच्या शेजारी बसला होता. पहिलं कडवं संपतानाच त्यानं मला खूण केली, आता गंमत बघ. आणि आवाजाचं बटण हळूहळू शून्यावर आणलं. दिनकर भडकणार, शिव्या देणार, अशी त्याची अपेक्षा. गाण्याच्या मध्ये कुणी खोकलं तरी दिनकर भांडतो.

कॅसेट फिरत होती. पडवीत आवाज नव्हता. म्हातारीच्या सुपातल्या तांदळाचा तेवढा येत होता. दिनकरची बोटं मांडीवर पडत होती, बरोबर लयीत. दुसरं कडवं गेलं असावं, कारण बोटं एक मात्रा थांबली आणि पुन्हा सुरू झाली. रंगरावच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, पण ते आता विसरून राहिलेलं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, काय हलवली ते मलाही कळलं नाही.

मग दिनकरनं डोळे उघडले, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, चिठ्ठी घेतली, लिहिलं, घडी घातली आणि माझ्यापुढं सरकवली. मी उघडली. सात.

"काय?" तो म्हणाला. आमची तोंडं बघून त्यानं टेपकडं पाहिलं. रंगरावचा हात अजून बटणावर होता.

नंतर दिनकरनंच विचारलं, "कधीपासनं बंद हाय?"

"पयल्या कडव्यापासनं," मी म्हणालो.

"आं?"

मला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. या सगळ्यात मला सर्वांत जड गेलं ते हे.

"जुनं गाणं हाय ते," तो म्हणाला. "मला पाठ हाय. वाजलं काय आन् न वाजलं काय." मग थोड्या वेळानं, "नवीन असतं तर गावलो असतो. नवीन मला येतच न्हाय ऐकू. नुसता ठोका येतो, छातीत. यंदाचं एकबी गाणं मी ऐकलेलं न्हाय, खरं सांगतो. तुमी म्हणताय वाईट हायत, तर वाईट आसतील."

"लेका, सांगायचं न्हाईस व्हय?" रंगराव म्हणाला.

"सांगून काय? तू काय कान देणार हायस तुझं?"

रंगराव उठून पायरीवर जाऊन बसला. मी वही उघडली आणि विचारलं, या चिठ्ठ्यांचं काय करायचं.

"खोडू नको," दिनकर म्हणाला. "दिलेले गुण खोडायचे न्हाईत. पण बेरजेत धरू नको."

तसंच केलं आहे. २००३ ची बेरीज दोघांच्याच गुणांची आहे.

उरलेल्या तीन गाण्यांत एक माझं नृसिंहवाडीचं पद होतं. मी म्हणालो, राहू दे आता. दिनकर म्हणाला, लाव. तो टेपच्या जाळीला कान चिकटवून बसला, डावा. कायतान आत जाऊन मिक्सरमध्ये काही वाटत होता, तो त्यानं आपणहून बंद केला. पद संपल्यावर दिनकर म्हणाला, "टाळ येत न्हाईत. बाकी आलं. म्हातारा चांगला गातोय." गाणारा म्हातारा नव्हता, विशी-पंचविशीचा मुलगा होता. मी ते सांगितलं नाही.

पाचवी बाटली आंबट होती, चेरी नावाच्या फळाची. सहावी सर्वांत जड, कायतानच्या मुलानं सांगितलं की हिच्यात दारूचं प्रमाण शेकडा दहा आहे. तिची चव वहीत लिहिलेली नाही. गुणांचा रकाना तिघांचाही कोरा आहे.

गगनबावड्यावर

रविवारी परतीला वैभववाडीवरून आलो. तिथं रंगरावची सासुरवाडी आहे, कोकम घ्यायचं होतं. करूळचा घाट चढून गगनबावड्याला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पावसाळ्यात इथं समोरचा माणूस दिसत नाही. आता गवत पिवळं पडलं होतं आणि खाली कोकण धुरकट, जणू पुसायची राहिलेली पाटी. चहाच्या टपरीत बसलो. गाडीत कुणी टेप लावली नव्हती.

बहिऱ्या माणसाशी कुजबुजता येत नाही, ही गोष्ट मला तिथं कळली. मी दिनकरला डॉक्टरचं विचारलं आणि टपरीतली सहा माणसं आमच्याकडं बघायला लागली. शेवटी गाडीत बसून काचा वर घेतल्या.

डॉक्टरला तो गणपतीनंतर भेटला होता. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपा. त्या आवाजापाशी परत उभे राहू नका. उजवा जवळजवळ गेलाय, डाव्यात निम्मं आहे.

"आन् तू उभा ऱ्हायलास," रंगराव म्हणाला.

"तुळशीच्या लग्नापासनं अकरा वराती केल्या." दिनकर बोटं मोजत नव्हता, सरळ पुढं बघत होता. "जानेवारीपासनं मे पर्यंतचा इसार घेतलाय मालकाकडनं. पाच हजार. पोरीच्या नर्सिंगची फी भरली त्यातनं. पयली वरात चार तारखेला हाय."

"वहिनींना म्हायताय?"

"शालनला वाटतंय, मी तिचं ऐकून न ऐकल्यागत करतोय." तो थोडा हसला. "रोज भांडती. म्हटलं भांडू दे. बहिरा हाय म्हटल्यावर भांडायचं बी सोडंल."

रंगरावनं स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते. गाडी बंद होती. "मी बटण फिरवायला नको होतं," तो म्हणाला.

दिनकरला ते ऐकू गेलं नाही. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं फिरवलंस. मलाच फिरवायचं धाडस हुत न्हवतं."

मी सरळ मुद्द्यावर आलो. इसार परत करायचा, चार तारखेच्या आधी. दिनकर नको म्हणाला. भिकारी समजलायसा का म्हणाला. मग रंगराव त्याच्यावर ओरडला, इतका की शेजारच्या एसटीतले लोक खिडकीतून बघायला लागले: "तेरा वर्सं तू आमच्या कॅसेटी भरल्यास, कधी एक रुपाया घेतलास? घेतलास का? मग गप बस की मर्दा!" ते मात्र दिनकरला पहिल्या खेपेलाच ऐकू गेलं.

संध्याकाळी त्याला दारात सोडलं. शालनवहिनी दाराशी आल्या आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "आलासा? जेवणार का खाऊन आलाय?" दिनकर चप्पल काढत होता. त्यानं उत्तर दिलं नाही. त्या आमच्याकडं बघून म्हणाल्या, "बघा, हे असं हाय." तेव्हा तो सरळ झाला आणि त्यांना म्हणाला, "शालन, मला ऐकाय येत न्हाय. सप्टेंबरपासनं." तो स्वतःला वाटतं त्याहून मोठ्यानं बोलतो. समोरच्या घरातली बाई दारात आली. वहिनींच्या हातात ताटली होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली. आम्ही निघालो.

२९ डिसेंबर, सोमवार

सहलीचा खर्च: पेट्रोल ११८०, कायतानकडे राहणं-जेवण १३५०, साध्या बिअर ४२०, चहा-फराळ २१०. एकूण ३१६०. नाताळच्या सहा बाटल्यांचे पैसे त्यानं घेतले नाहीत. शिल्लक १३४०. त्यात दिनकरचा तिसरा हिस्सा आला, म्हणून त्याला ते घेणं मान्य झालं. उरलेल्यात माझे आणि रंगरावचे प्रत्येकी १८३०.

डॉल्बीचा मालक शेडमध्ये होता. स्पीकरवर ताडपत्र्या घातलेल्या होत्या. दिनकर आमच्या मागं दोन पावलं उभा राहिला. मी काय झालं ते सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं, आणि पैसे पुढं केले. मला वाटलं होतं तो चिडेल, माणूस ऐन वेळी कुठून आणू म्हणेल.

तो चिडला नाही. नोटा मोजता मोजता म्हणाला, "म्हायताय की मला. गणपतीतच कळलंवतं. हाका मारून मारून घसा बसला माझा." मग दिनकरकडं बघून, आवाज न चढवता, "त्या कामाला भैराच बरा असतोय, पावणं. कटाळत न्हाय. ह्याच्या आधीचा बी तसाच झालाता."

रंगराव एक पाऊल पुढं गेला. मी त्याचा दंड धरला.

बाहेर आल्यावर दिनकरनं विचारलं, "काय म्हणाला?"

"वाईट वाटलं म्हणाला," मी मोठ्यानं सांगितलं. "चांगला माणूस गेला म्हणाला."

दिनकरनं मान हलवली. शेडच्या दाराशी तो जरा थांबला, आतल्या भिंतीकडं बघितलं आणि आमच्याबरोबर चालू लागला.

दिले: रुपये पाच हजार रोख, डॉल्बीच्या मालकाला, हातात. पावती त्यानं दिली नाही, आणि मीही मागितली नाही.